रबर काळं करायचंय की पाणी अडवायचंय?

पाऊस ओसरला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. जूनमध्ये सगळे वायपरबद्दल विचारतात. ऑक्टोबरच्या उन्हात गाडी धुवायला काढली की मग काचेभोवतीच्या रबराकडे लक्ष जातं. यंदा ही पत्रं एवढी आली की संपादक म्हणाले, या वेळी दुसरं काही घेऊच नका.

नव्या वाचकांसाठी ओळख थोडक्यात. भोसरीच्या एमआयडीसीत, गाड्यांच्या दारा-खिडक्यांची रबरं बनवणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी नोकरी केली. निवृत्त झाल्यापासून मेहुण्याच्या गॅरेजात बसतो. रबर भट्टीतून बाहेर पडताना पाहिलं आहे आणि लोक त्याचं पुढे काय करतात तेही रोज पाहतो.

प्रश्न : माझी गाडी सहा वर्षांची आहे. काचेभोवतीचं रबर पांढुरकं पडलंय. गाडी धुणारा मुलगा त्यावर डिझेलचा बोळा फिरवतो, लगेच काळंकुळकुळीत होतं. पण आठवड्याभरात पुन्हा तेच. डिझेलपेक्षा टिकाऊ काही आहे का? (सांगली)

उत्तर : टिकाऊचं नंतर बघू. आधी त्या मुलाला डिझेलची बाटली घरी ठेवून यायला सांगा.

रबर पांढुरकं दिसतं तेव्हा बहुतेक वेळा त्याचा रंग गेलेला नसतो, गुळगुळीतपणा गेलेला असतो. उन्हानं वरचा थर झिजतो, त्यावर डोळ्याला न दिसणारे खड्डे पडतात, प्रकाश त्यावरून विखुरतो आणि आपल्याला राखाडी दिसतं. त्या खड्ड्यांत कुठलाही द्रव भरला की रबर काळं दिसणारच. साधं पाणी लावून बघा, तेवढंच काळं दिसेल. पाणी दहा मिनिटांत वाळतं आणि डिझेलला आठवडा लागतो, म्हणून आपल्याला डिझेल गुणकारी वाटतं.

पण डिझेल जाताना एकटं जात नाही. तुमच्या गाडीच्या खिडक्यांचं रबर बहुधा ईपीडीएम नावाचं आहे. गेली काही दशकं गाड्यांच्या दारा-खिडक्यांना हेच वापरतात. त्या काळ्या पट्टीत खरं रबर असतं जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा. बाकी काजळी, खडूची पूड, असे भराव आणि बरंचसं पॅराफिनचं तेल. पट्टी मऊ राहते ती या तेलामुळे. डिझेल आत शिरतं, पट्टी फुगते, आणि डिझेल उडून जाताना आतलं तेल ओढून नेतं. दर आठवड्याला हे होत राहिलं की पट्टी हळूहळू आखडते, कडक होते, काचेला चिकटून बसायची ती सुटते. काळी मात्र छान दिसते!

आमच्या प्रयोगशाळेत तपासणीसाठी एक ठरलेलं खनिज तेल असायचं. १०० अंश सेल्सिअसला ७० तास त्यात ईपीडीएमचा तुकडा ठेवला की त्याचं घनफळ दुपटीच्या घरात जायचं. घरी करायचं असेल तर गॅरेजातून टाकाऊ बीडिंगचा, म्हणजे दाराभोवतीच्या रबरी पट्टीचा, तुकडा मागून आणा. अर्धा डिझेलमध्ये टाका, अर्धा साबणाच्या पाण्यात, आणि दोन दिवसांनी दोन्ही शेजारी ठेवून बघा. कुणाचं भाषण ऐकायची गरज उरणार नाही. ब्रेकच्या सिलिंडरमधले रबरी कप पेट्रोल-डिझेलनं धुवायचे नाहीत हे प्रत्येक मिस्त्रीला पाठ असतं, कारण फुगून ब्रेक अडकतो. तोच मिस्त्री खिडकीच्या रबराला मात्र खुशाल डिझेल लावतो. रॉकेल, व्हॅसलीन, ग्रीस, गंजलेले बोल्ट सोडवायचा स्प्रे, ही सगळी त्याच घराण्यातली मंडळी.

आता करायचं काय? ओलं बोट रबरावरून जोरात फिरवा. बोटाला मातकट किंवा पांढरं लागलं तर तो नुसता मळ, नाहीतर पॉलिशचं मेण. बोट काळं झालं तर वरचा थर सुटतोय. बोटाला काहीच लागलं नाही आणि खरखरीत ठिपके जाणवले तर ते पाण्यातले क्षार. त्याचं उत्तर पुढच्या प्रश्नात आहे.

धुवायचं सावलीत, गाडी गार असताना. बादलीभर कोमट पाण्यात थोडा गाडीचा शाम्पू, आणि एक मऊ ब्रश. ब्रश पट्टीच्या लांबीनं चालवा, आडवा घासू नका. पट्टीचा जो पातळ ओठ काचेला टेकतो, तो बोटानं उचलून त्याच्या खालचीही माती काढा. खरी घाण तिथेच असते. मग पांढऱ्या फडक्यानं पुसा. फडकं काळं होतंय तोवर पुन्हा धुवा. एका धुण्यात भागत नाही, आणि इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. मळावरच पॉलिश चोपडलं की ते आठवड्यात उतरणार, मग त्या बाटलीला दोष देऊन उपयोग नाही.

पूर्ण वाळल्यावर सिलिकॉनचं, पाण्यात बनवलेलं ड्रेसिंग घ्या. ते दुधासारखं पांढरं असतं, त्याला पेट्रोलसारखा वास येत नाही. वास आला तर ती बाटली दुकानातच ठेवा. टायरला चकाकी आणणारे बरेचसे स्प्रे त्या वासाचे असतात. ड्रेसिंग फडक्यावर घेऊन पातळ लावा, दहा मिनिटांनी कोरड्या फडक्यानं जास्तीचं पुसून टाका. थेट फवारलं तर काचेवर जातं आणि पहिल्याच पावसात वायपर रंगपंचमी खेळतो. वर्षातून दोनदा केलं तरी पुष्कळ झालं, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा दिवाळीच्या साफसफाईत.

जाता जाता एक. गाडी डेंटिंग-पेंटिंगला टाकणार असाल तर सिलिकॉन लावल्याचं पेंटरला आधी सांगा. त्याचा अंश पत्र्यावर राहिला तर नवा रंग तिथून मागे सरतो, खड्डे पडतात आणि पेंटर उगाच स्वतःच्या थिनरला शिव्या घालत बसतो.

प्रश्न : आमच्याकडे बोअरच्या पाण्यानं गाडी धुतात. काचेच्या खालच्या रबरावर पांढरे ठिपके बसलेत, शाम्पूनं हलत नाहीत. (लातूर)

उत्तर : पाण्यातला चुना आहे तो. रबरावर थेंब वाळला की पाणी जातं, कॅल्शियम-मॅग्नेशियम राहतं. यावर आंबट हवं. किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी, किंवा अर्धा लिटर पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व. फडकं भिजवून पट्टीवर पाच मिनिटं नुसतं ठेवा, घासू नका. मग ब्रश, आणि भरपूर स्वच्छ पाणी. शेजारी चकाकती धातूची पट्टी असेल तर तिच्यावर ते आंबट पाणी साचू देऊ नका. तापलेल्या गाडीवर हा उद्योग करायचा नाही, वाळून नवेच डाग पडतात.

शेवटचं पाणी तरी नळाचं घ्या. तेही नसेल तर धुऊन झाल्या झाल्या कोरड्या फडक्यानं पट्टी पुसून काढा. ठिपका घासून काढण्यापेक्षा थेंब टिपून घेणं सोपं.

प्रश्न : गाडीला पॉलिश करून आणलं तर रबरावर पांढरे फराटे. काका म्हणतात बुटाचं काळं पॉलिश लाव. (नाशिक)

उत्तर : काकांना माझा नमस्कार, पण नको. बुटाच्या पॉलिशमध्ये मेण आणि ते विरघळवणारं टर्पेंटाइनसारखं काहीतरी असतं. रबराचं नुकसान होईल ते होईलच, पहिल्या दिवशी खिडकीवर कोपर टेकला की पांढरा शर्ट गेला.

फराटे म्हणजे वाळलेलं मेण. मुलांचं पेन्सिल खोडायचं मऊ खोडरबर घ्या आणि फराट्यावर चालवा. मेण त्याच्या चुऱ्याबरोबर निघून येतं. उरलेलं कोमट साबणपाण्यानं. पुढच्या वेळी पॉलिशवाल्याला आधी रबरावर मास्किंग टेप लावायला सांगा. तो कुरकुरेल, तरी सांगा.

प्रश्न : मी चिपळूणला शिक्षिका आहे. गाडी पावसाळाभर उघड्यावर असते. काचेच्या रबरावर हिरवं शेवाळ धरतं. शिवाय ब्रेक मारला की मागच्या दारातून पाणी खळखळल्याचा आवाज येतो. एका दुकानदारानं काचेच्या खालच्या रबराला बाहेरून सिलिकॉनचा सीलंट मारून फट बुजवायला सांगितलंय. करू का? (चिपळूण)

उत्तर : ताई, सीलंट मुळीच नको. शेवाळाचं सोपं आहे, ते आधी संपवतो. ब्रश, साबणपाणी, आणि ओठाखालची माती. माती असते म्हणून ओल राहते, ओल राहते म्हणून शेवाळ धरतं. ब्लीच घालू नका, त्यानं शेवाळ मरतं पण शेजारच्या धातूच्या पट्ट्याही डागाळतात. आंब्या-फणसाखाली गाडी लावत असाल तर काचेच्या बुडाशी अडकलेला पाला दर रविवारी हातानं काढा.

आता खळखळाट. काचेच्या बुडाशी बाहेरून जी पट्टी असते ती सगळं पाणी अडवण्यासाठी नसतेच. काच वर-खाली सरकायला हवी, म्हणजे पट्टी काचेला पक्की चिकटवता येत नाही. थोडं पाणी आत जाणारच. गाडी बनवणाऱ्यांनी ते गृहीत धरलेलं असतं. दार पोकळ असतं, काचेवरून ओघळलेलं पाणी दाराच्या पोटात उतरतं आणि तळाशी ठेवलेल्या भोकांतून रस्त्यावर पडतं. दाराचं पोट आणि तुमची सीट यांच्या मध्ये, आतल्या पॅनेलच्या मागे, प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. पाणी गाडीत येऊ न देण्याचं काम त्याचं.

तुमच्या दारात पाणी खळखळतंय म्हणजे तळाची भोकं तुंबलीत. दार उघडून खाली वाकून त्याची खालची कडा बघा. दोन-तीन लांबट फटी दिसतील, काही गाड्यांत त्यावर रबराची छोटी टोपी असते. झाडूची जाड काडी किंवा केबल बांधायची प्लास्टिकची पट्टी आत घालून हलवा. खिळा किंवा स्क्रू ड्रायव्हर घालू नका, आतला रंग खरवडला की गंज तिथूनच सुरू होतो. पाय बाजूला ठेवा, चांगलं तांब्या-दोन तांबे गढूळ पाणी येईल. मग काच वर ठेवून तिच्यावर बाहेरून मगभर पाणी ओता आणि ते खालून पडतंय का बघा.

फट बुजवली असती तर काच उतरली नसती, उतरली असती तर सीलंट फाटून काचेला लागला असता, आणि आत आधीच साचलेलं पाणी तसंच राहून दार आतून कुजलं असतं. कोकणातल्या गाड्यांची दारं खालून फुगतात त्यातली बरीच अशीच असतात. लोक खाऱ्या हवेला बोल लावतात, पण भोकं कोणी उघडून बघत नाही.

पायाखालचा गालिचा मात्र ओला होत असेल तर गोष्ट वेगळी. पॅनेलमागचा तो प्लास्टिकचा कागद सुटलेला असू शकतो. स्पीकर बसवताना किंवा काचेची मोटर बदलताना तो फाडून फेकून द्यायची आपल्याकडे रीतच आहे. तसं झालं असेल तर जाड प्लास्टिक कापून ब्यूटाइलच्या चिकट दोरीनं पुन्हा बसवून घ्या.

प्रश्न : ड्रायव्हरच्या बाजूची काच बटण दाबल्यावर वर जाते, वरपर्यंत पोचते आणि आपोआप अर्धी खाली येते. मोटर बदलायला सांगितलीय. (ठाणे)

उत्तर : मोटर वर नेतेय ना? मग तिला इतक्यात काढू नका. एका दाबात वर जाणाऱ्या काचेला सहसा बोट-मान अडकू नये म्हणून सोय असते. वर जाताना अडथळा जाणवला की ती मागे फिरते. काचेच्या दोन्ही बाजूंच्या आणि वरच्या पन्हळीतलं रबर कोरडं आणि धुळकट झालं की त्या यंत्रणेला घर्षण म्हणजेच कुणाचं तरी बोट वाटतं.

पन्हळीच्या आत मखमलीसारखी लव असते. काच खाली घ्या, पातळ प्लास्टिकच्या पट्टीवर ओलं फडकं गुंडाळा आणि पन्हळीतून वरपासून खालपर्यंत फिरवा. जे निघेल ते बघून घरच्यांना दाखवावंसं वाटेल. वाळल्यावर सिलिकॉनचा स्प्रे नळी लावून पन्हळीत पातळ मारा, काच दहा वेळा वर-खाली करा, काचेवर आलेला थर पुसा. तेल किंवा ग्रीस घालाल तर पंधरा दिवस काच लोण्यासारखी चालेल, मग धूळ बसून त्याची लुकण होईल.

बॅटरी काढून लावल्यावर हा त्रास सुरू झाला असेल तर काचेला तिची वरची हद्द पुन्हा शिकवावी लागते. बहुतेक गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवलं की होतं. नेमकी पद्धत गाडीच्या पुस्तिकेत असते. एवढं करूनही फरक पडला नाही तरच मोटरकडे वळा.

प्रश्न : काचांवर उभे ओरखडे पडलेत. सगळे वरून खाली, सरळ रेघेत. (सोलापूर)

उत्तर : काचेच्या बुडाशी आत-बाहेर ज्या पट्ट्या आहेत त्यांच्या लवेत वाळू अडकलीय. प्रत्येक वेळी काच उतरली की वाळू काचेवर रेघ मारते. पडलेले ओरखडे घरी जात नाहीत, नखाला लागत असतील तर ते विसराच. पट्टी ब्रशनं आणि हवेच्या झोतानं साफ करा. धुळीनं भरलेली काच टोलनाक्यावर खाली घेण्याआधी निदान वरवर पुसायची सवय लावा. लव उडून खालचं रबर उघडं पडलं असेल तर पट्टी बदला, ती काचेपेक्षा फार स्वस्त पडते.

प्रश्न : वडिलांची १९८७ ची प्रीमियर पद्मिनी आहे. अजून चालते. पुढच्या मोठ्या काचेभोवतीचं रबर कोपऱ्यांवर चिरलंय आणि पावसात डॅशबोर्डवर पाणी येतं. ग्लिसरीन लावून बघितलं. रबर पुन्हा मऊ होईल असं काही आहे का? (दादर)

उत्तर : मऊ करणारं काही नाही, आणि असल्याचा दावा करणाऱ्याकडून काही घेऊ नका. ग्लिसरीन वाईट नाही, धड असलेल्या रबराला चालतं. पण चिरलेलं रबर त्यानं सांधत नाही.

त्या चिरा कोपऱ्यांवरच का, हे समजून घेण्यासारखं आहे. त्या काळच्या रबराच्या रेणूंच्या मुख्य साखळीत दुहेरी बंध असतात. हवेतला ओझोन नेमके तेच तोडतो. रबर सैल असेल तर फारसं दिसत नाही, पण ताणलेलं असेल तर प्रत्येक तुटलेला बंध उघडत जातो आणि ताणाच्या दिशेला आडवी चीर पडते. काचेच्या कोपऱ्याला वळताना पट्टीची बाहेरची कडा ताणलेली असते, म्हणून सुरुवात तिथून. ईपीडीएमच्या मुख्य साखळीत हे दुहेरी बंध नसतात, म्हणून ते टिकतं. आम्ही तुकडा २० टक्के ताणून, ४० अंशाला, दहा कोटी भाग हवेत ५० भाग ओझोन सोडून पेटीत ठेवायचो. नैसर्गिक रबर त्यात लवकरच चिरायचं, ईपीडीएम ढिम्म.

तेव्हा रबर बदलायचंच. पद्मिनीची काच आजच्या गाड्यांसारखी पॉलियुरेथेननं पत्र्याला चिकटवलेली नसते, ती रबराच्या चौकटीत बसलेली असते. रबराला दोन खाचा, एकीत काच, दुसरीत पत्र्याची कड. त्यामुळे हे काम अजूनही हातानं होतं, आणि करणारा मिस्त्री शोधायचा तर काळ्या-पिवळ्या टॅक्सींवर हात बसलेला शोधा. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला झाली होती. वीस वर्षांची मुदत भरून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर त्या रस्त्यावरून गेल्या. टॅक्सी होत्या तोवर हे रबर कुठल्याही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळायचं. आता कुर्ल्याला सीएसटी रोडवर चौकशी करा. गंमत म्हणजे गाडीही कुर्ल्यातच बनायची. रबर घेताना ईपीडीएमचं आहे का विचारा, कापलेल्या टोकाकडे बघा. आत बुडबुडे असतील किंवा नख दाबल्यावर खूण तशीच राहत असेल तर पुढच्या दुकानात जा.

काम होताना शेजारी उभे राहा, म्हणजे घाई होत नाही. जुनं रबर वाचवायचं नसल्यानं ते ब्लेडनं कापून काढायचं, काचेवर जोर द्यायचा नाही. काच निघाली की पत्र्याची कड पूर्ण बघायची. पद्मिनीत खालच्या दोन कोपऱ्यांत गंज हमखास सापडतो. तो घासून, प्रायमर-रंग देऊन, वाळेपर्यंत थांबायचं. मिस्त्री म्हणेल, रबराखाली झाकलं जातं. झाकलं जातं, थांबत नाही.

नवं रबर तासभर उन्हात ठेवून मऊ करून घ्यायचं आणि आधी काचेला चढवायचं. मग पत्र्याच्या कडेसाठी जी खाच आहे तिच्यात सभोवार नायलॉनची दोरी बसवायची, दोन्ही टोकं खाली मधोमध एकमेकांवरून नेऊन गाडीच्या आत सोडायची. कडेला आणि खाचेला साबणाचं पाणी. इथे तेल लावणारा मिस्त्री दिसला तर नम्रपणे काम थांबवा. एक जण बाहेरून तळव्यांनी काच दाबतो, दुसरा आत बसून दोरीचं एक टोक काचेला समांतर ओढत जातो. दोरी बाहेर येते तसा रबराचा ओठ पत्र्याच्या कडेवरून आत उलटतो. खालची बाजू आधी, मग कोपरे, वरची बाजू शेवटी. कोपऱ्यावर अडलं तर ओढायचं नाही, बाहेरच्या माणसानं थोपटायचं. सगळं बसल्यावर चकाकती पट्टी. मग नळी सोडून पाणी मारा आणि आत टॉर्च घेऊन बसा.

पुढच्या दारातल्या तिकोनी फिरत्या काचेचं रबरही त्याच वयाचं असणार. एकाच खेपेत बदलून घ्या.

प्रश्न : काचेच्या खालची बाहेरची पट्टी दोन्ही टोकांना आखडून कमी पडलीय, मधे वर उचललीय. हीट गननं प्लास्टिक काळं होतं असा व्हिडिओ बघितला. यावर चालेल का? (नागपूर)

उत्तर : हीट गनची ती युक्ती बंपरच्या राखाडी पडलेल्या प्लास्टिकची आहे. रबराला तापवलं तर ते जळतं, आणि तुमच्या पट्टीला आणखी उष्णतेची काय कमी? मे महिन्यात ४५ अंशांत दिवसभर काळी पट्टी उन्हात उभी असते.

ही पट्टी बऱ्याच गाड्यांत खरं रबर नसतेच. आत पत्र्याची पट्टी आणि वर पीव्हीसी किंवा तत्सम मऊ प्लास्टिक. उन्हानं त्यातला मऊपणा देणारा अंश उडत जातो, ती आखडते. आतला पत्रा गंजला की मधे फुगते; गोव्याच्या किनाऱ्यावरच्या गाड्यांत तपकिरी ओघळ दिसतात ते याचेच. इथे कुठलंही औषध चालत नाही.

बदलणं मात्र सोपं आहे. काच पूर्ण खाली, पट्टीच्या टोकाला स्क्रू असेल तर तो आधी, मग रंगावर मास्किंग टेप लावून प्लास्टिकच्या पात्यानं एका टोकापासून वर उचलत जायचं. नवी पट्टी तळव्यानं दाबत बसवायची. डावी-उजवी वेगळी असते, मागवताना सांगा. आणि शक्य असेल तर दुपारची गाडी सावलीत.

प्रश्न : इथे हिवाळ्यात दाराचं रबर पत्र्याला गोठून चिकटतं आणि ओढलं की फाटतं. शेजारी हरणाच्या चरबीची कांडी लावतात. आम्ही शाकाहारी. (स्टुटगार्ट)

उत्तर : जर्मनीत ती जुनी रीत आहे खरी. काम एवढंच, की रबर आणि पत्रा यांच्या मध्ये पाणी धरू न देणारा थर हवा. सिलिकॉनची कांडी किंवा ग्लिसरीन तेच करतं, हरणाला त्रास द्यायचं कारण नाही. थंडीच्या आधी, रबर धुऊन पूर्ण कोरडं करून लावा. घरून खोबरेल पाठवायला सांगू नका. २४ अंशांखाली ते थिजतं, तुमच्याकडे तर बाटलीतूनच निघणार नाही.

प्रश्न : एक्सप्रेसवेवर ऐंशीच्या पुढे गेलं की ड्रायव्हरच्या खिडकीतून शिट्टी वाजते. रबर दिसायला नवंकोरं, काळं आहे. गॅरेजवाला चारही दारांचं बीडिंग बदला म्हणतो. (पनवेल)

उत्तर : दिसण्यावर जाऊ नका. दाराचं बीडिंग म्हणजे आतून पोकळ, स्पंजासारखी नळी. दार बंद झालं की ती दबते आणि फट भरते. वर्षानुवर्षं दबून ती चपटीच राहायला लागली की रंग कितीही काळा असो, फट भरत नाही. ड्रायव्हरचं दार सर्वांत जास्त उघडतं आणि शरीराचं घासणंही तिथेच, म्हणून तेच आधी जातं.

वहीच्या कागदाची दोन बोटं रुंद पट्टी कापा. दारात धरून दार लावा आणि पट्टी ओढा. घट्ट धरून ठेवली तर तिथलं रबर ठीक. सहज निसटली तर तिथे खडूनं खूण करा. बोटाबोटाच्या अंतरानं सगळ्या चौकटीभर फिरा, आरशाच्या मागचा कोपरा विसरू नका, शिट्टी बऱ्याचदा तिथलीच असते. खुणा एकाच कोपऱ्यात आल्या तर बीडिंग जागेवरून सरकलंय का बघा. हातानं दाबून पत्र्यावर पुन्हा बसवता येतं. खुणा एका अख्ख्या बाजूला आल्या तर दार बिजागरीवर उतरलेलं असू शकतं, मग नव्या बीडिंगनंही शिट्टी जाणार नाही, दार सरळ करून घ्यावं लागेल. सगळीकडेच पट्टी निसटत असेल तर त्या एका दाराचं बीडिंग बदला. हीच पट्टी बाकीच्या तीन दारांना लावून बघा आणि मगच गॅरेजवाल्याशी चारचं बोला.